बालवाडीच्या वर्गातली मीटिंग

कसबा पेठ, पुणे
मंगळवार, ७ जानेवारी

तौफिक,

सलाम. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मिरजेचा पोस्टमन ते दाराखालून आत सरकवेल, त्यासाठी तुझी परवानगी लागत नाही. उर्दूत लिहिलं असतं तर तुला वाचता आलं नसतं, म्हणून मराठीत लिहिते. न वाचण्यासाठी आता दुसरं कारण शोध.

तुझ्या माहेनूरचा निकाह ९ फेब्रुवारीला, रविवारी संध्याकाळी, असरच्या नमाजानंतर आहे. ते तिनं तुला कळवलंच आहे. मुलगा बिलाल, कॅम्पात एका सीएकडे नोकरीला. मी त्याला पारखून घेतला आहे. उशिरा येतो, पण खोटं बोलत नाही. तुझ्याबद्दल तिनं त्याला सगळं सांगितलं आहे. तो म्हणाला, "मग त्यांना बोलवायचं की नाही?" एवढंच.

आता कामाचं. मुलीची कबुली विचारायला आत जायचं आणि बाहेर येऊन काझीसाहेबांना सांगायचं, हे वकिलाचं काम आपल्याकडे रहीमचाचा करत आले आहेत. माझ्या डोळ्यांदेखत घरातल्या सगळ्या मुलींची कबुली त्यांनीच आणली. माहेनूर म्हणते, अब्बा विचारतील तर बोलेन. मी तिला सांगितलं, मुलगी गप्प राहिली तरी ती कबुलीच धरतात. ती म्हणाली, "मी गप्प नाही राहणार, फुफी. चाचांनी विचारलं तर मी सरळ 'नो' म्हणेन." आई गेल्यावर मुलगी माझ्याकडे, आत्याकडे वाढली त्याचा हा परिणाम.

चाचांचं म्हणणं तुला ठाऊक आहे. मागच्या वेळी माहेनूरला बघायला सोलापूरची माणसं त्यांच्या शब्दावर आली होती आणि ताटं अर्धी टाकून उठली. तू त्या दुपारी कसा आलास आणि जिन्यात काय केलंस ते मी लिहीत नाही. तुला आठवत नसेल, जिना मी धुतला आहे. तू आत येऊ नयेस म्हणून दुसऱ्या दिवशी बसवलेलं कुलूप अजून तसंच आहे, किल्ली अजून घट्ट फिरते.

तू माहेनूरला सांगितलंस की पुण्यात रोज संध्याकाळी मीटिंगला जाता येणार असेल तर येईन, नाही तर नाही. ही कसली मीटिंग? तिथे औषध देतात का? डॉक्टर असतो का? शपथ घालतात का? कशावर हात ठेवून? आठवडाभर पाहुणा आलास आणि एक संध्याकाळ चुकली तर काय होतं? मला कळत नाही, आणि न कळणारी गोष्ट मला सोडवत नाही. टेलिफोनच्या चौकशी खात्यात मी नोकरी काढली आहे. "अहो, तो लक्ष्मी रोडवरचा चष्मेवाला, त्याच्या मेव्हण्याचा नंबर द्या," असं म्हणणाऱ्यालाही मी नंबर दिला आहे. तुझी मीटिंग सापडणार नाही असं होणार नाही.

वरच्या प्रश्नांची उत्तरं पाठव.

रझिया


रविवार, १२ जानेवारी

तौफिक,

उत्तर आलं नाही. टपालाचा दोष नसावा.

माहेनूरनं मोबाइलवर पत्ता काढून दिला. शनिवार पेठ, दुसरा मजला, संध्याकाळी. काल गेले. वर पेटीचा क्लास चालू होता. मास्तर म्हणाले, "ते लोक गेले हो दुसरीकडे. फार सज्जन माणसं होती. खाली राहणारे आमच्याविरुद्ध तक्रार करतात, त्यांच्याविरुद्ध कधी केली नाही."

"गेले कुठे?"

"ते विचारलं नाही. आपण विचारायचं नसतं ना तसं."

का विचारायचं नसतं? शेजारी राहायचं, जिना एक, आणि ती माणसं गेली कुठे हे विचारायचं नाही? मला ही पद्धत पटली नाही. मी खाली येऊन सरळ चौकात पानवाल्याला विचारलं, "इथे दारुड्यांची मीटिंग कुठे असते?"

त्यानं चुन्याची काडी समोरच्या परमिट रूमकडे केली. "ही काय, रोजच असते. तुम्ही उशिरा आलात, आजी."

चार माणसं हसली. मीही हसले असते, पण पुण्यात आपल्यावरच्या विनोदाला आपण हसायचं नसतं. औषधाच्या दुकानात विचारलं तर त्या मुलीनं आवाज खाली आणून मला म्हटलं, "मॅडम, लाजायचं कारण नाही. हल्ली लेडीजमध्येही खूप आहे." मी म्हटलं, मी लाजत नाही, मी ओरडून विचारते आहे. तिनं एका हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला.

घरी येऊन फोन लावला. दुसऱ्या घंटेला उचलला गेला.

"बोला. मी मच्छिंद्र."

"पूर्ण नाव?"

"मच्छिंद्र."

"आडनाव?"

"आमच्यात आडनाव नसतं, ताई."

तौफिक, ज्या माणसाला आडनाव नाही त्याचा नंबर आमच्या खात्यात कुणालाही मिळाला नसता. मी त्याला तसं सांगितलं. तो खूप हसला. मग म्हणाला, "तुम्हाला स्वतःसाठी हवंय की घरच्या कुणासाठी?"

"चौकशीसाठी."

"बरं," तो म्हणाला. "चौकशीसाठी आलेले बरेच थांबलेत इथं." आणि त्यानं पत्ता दिला. नागझरीचा पूल ओलांडून सोमवार पेठेत, एका चर्चची शाळा आहे, तिथे रोज साडेसातला. आपल्या घरून चालत जाता येतं. मी त्याला विचारलं, ख्रिस्ती व्हावं लागतं का? तो म्हणाला, "नाही. खोली त्यांची, चहा आमचा." घर कुठे विचारलं, तर म्हणाला, "येरवड्याला. तुरुंगाच्या बाहेर. लोक विचारतातच, म्हणून आधी सांगतो."

मीटिंग सापडली. पण पत्ता सापडणं आणि खात्री होणं यात फरक आहे. आठवड्यात जाऊन बघून येते.

रझिया


बुधवार, १५ जानेवारी

तौफिक,

काल गेले. जे झालं त्याची जबाबदारी तुझी आहे, कारण मी प्रश्न विचारले होते आणि तू उत्तर दिलं नव्हतंस.

वर्ग बालवाडीचा आहे. भिंतीवर हत्ती, कमळ, छत्री. खुर्च्याही लहान मुलांच्या उंचीच्या. त्यावर ही मोठमोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. इस्त्रीच्या शर्टातला एक जण, एक रिक्षावाला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच असलेली एक मुलगी. मी दारात उभी राहिले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की पाहायचे तसं नव्हे. लांबच्या गाडीनं येणारं कुणी अखेर उतरलं की पाहतात तसं. ती ओळखपत्रवाली उठली, माझा हात धरला, मला बसवलं. "मी पूर्वा. तुम्ही आलात ना, दॅट्स द हार्डेस्ट पार्ट. डोन्ट वरी, आज काही बोलू नका."

मी म्हटलं, "मी काळजी करत नाही आणि मला बोलायला आवडतं."

हजेरी नाही. पावती नाही. अध्यक्ष कोण विचारलं तर म्हणाले, आज हे, उद्या दुसरं कुणी. तरी घड्याळात साडेसात झाले आणि मीटिंग सुरू झाली. पुण्यात व्याख्यानमालासुद्धा वेळेवर सुरू होते, पण तिथे कुणाला तरी रागवावं लागतं. इथे कुणीच रागावलं नाही, मग चालतं कसं?

एकेक जण नाव सांगून बोलू लागला. काय बोलले ते लिहीत नाही. सुरुवातीलाच सांगतात की इथलं इथे ठेवा. एवढंच लिहिते की मला वाटलं होतं रडतील, आणि ती माणसं हसत होती. एकानं सांगितलेल्या गोष्टीवर मी तोंडाला पदर लावला. आणि कुणीच कुणाला उत्तर देत नाही. सल्ला नाही, "असं करायला हवं होतंस" नाही. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, मग दुसरा. घरात असं बोलणं मी कधी पाहिलं नाही. ऐकून घेऊन गप्प बसणं याला आपल्याकडे अपमान म्हणतात.

मग माझी पाळी आली.

मी म्हटलं, "मी रझिया. मी पीत नाही."

सगळ्यांनी मान हलवली. शेजारचा म्हातारा हळूच म्हणाला, "पहिल्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो."

"अहो, मी खरंच पीत नाही."

"हो, हो," पूर्वा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "टेक युअर टाइम."

मला घाम फुटला. खरं बोलते आहे आणि प्रत्येक वाक्यागणिक जास्त दारुडी ठरते आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी आवाज चढवला. "आमच्यात पीत नाहीत!"

मागून, दाराजवळच्या खुर्चीतून, कुणी तरी म्हणालं, "आमच्यातही पीत नाहीत, आपा."

मी वळून पाहिलं.

तौफिक, मी त्याला ओळखते. तूही ओळखतोस. एवढंच लिहिते, आणि तू अंदाज बांधत बसू नकोस. आमची नजरानजर झाली तेव्हा त्याचा चहा हातातच राहिला. बाकीच्यांनी पाळी पुढच्याकडे नेली. त्यांना सवय असावी.

नंतर मच्छिंद्रनं मला बाजूला घेतलं. फोनवरच्या आवाजावरून मी उंच माणूस धरला होता, निघाला ठेंगणा. "ताई, ही बंद मीटिंग. ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे त्यांचीच. घरच्यांसाठी शनिवारची उघडी असते."

"मग मला आत का बसू दिलंत?"

"तुम्ही 'पीत नाही' म्हणालात. असं म्हणणाऱ्याला बाहेर काढायला लागलो तर खोली रिकामी होईल."

मागच्या खुर्चीतला माणूस पुलापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. पुलावर म्हणाला, "सांगणार का घरी?"

मी म्हटलं, "काय सांगू? मी कुठे होते हेच अजून मी ठरवलेलं नाही."

तो एका बाजूनं गेला, मी दुसऱ्या.

रझिया


बुधवार, २२ जानेवारी

तौफिक,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. "बंद मीटिंगला बाहेरच्यांनी जायचं नसतं, आपा." हे आठ दिवस आधी लिहायचं. मोटारीचं वाइंडिंग जळाल्यावर फ्यूज बदलतात का, हे तुला धंद्यातलंच ठाऊक आहे. बाकी माझ्या प्रश्नांची उत्तरं तू चार शब्दांत दिलीस: औषध नाही, डॉक्टर नाही. शपथेचं लिहिलं नाहीस.

शनिवारी उघड्या मीटिंगला गेले, या वेळी रीतसर. नंतर चहा घेताना मच्छिंद्रला मुद्द्याचं विचारलं. माझा भाऊ आठवडाभर इथे येईल, रोज तुमच्याकडे येईल, तर निकाहाच्या दिवशी तो प्यायलेला नसेल याची हमी काय?

"हमी नाही."

"काहीतरी असेल."

"ताई, मी आज नाही प्यायलो, एवढं मला माझ्याबद्दल ठाऊक आहे. तुमच्या भावाबद्दल मी कुठून सांगू?"

"मग मी घरच्यांना काय सांगू?"

"खरं सांगा. ठाऊक नाही म्हणून."

मी त्याला म्हटलं, आमच्या खात्यात 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्याला मेमो मिळायचा. तो म्हणाला, "म्हणून तुम्ही दमल्यात." मी दमलेली नाही. त्याला असं का वाटलं ते विचारायचं राहिलं.

आता रविवारचं. ते लिहायचं नव्हतं, पण माहेनूर तुला फोनवर अर्धवट सांगेल, त्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण ऐक.

चाचांनी मोमीनपुऱ्यात त्यांच्या घरी सगळ्यांना बोलावलं. मोठी खोली भरली होती. चाचा ऐंशीला आले, पण आवाज अजून वखारीतलाच आहे, लाकडाच्या थप्पीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असा. म्हणाले, "वकील मी होईन. तौफिकला बाप म्हणून यायचं तर येऊ दे, कोपऱ्यात बसू दे. मुलीची कबुली आणायला दारुडा माणूस आत जाणार असेल तर मी त्या हॉलची पायरी चढणार नाही. माझ्या घरातलंही कुणी चढणार नाही."

मी म्हटलं, "चाचा, तो सोडतो आहे. त्यासाठी मीटिंगा असतात, मी बघून आले."

"मीटिंग!" चाचा म्हणाले. "कुठे? चर्चमध्ये ना? मला सगळं कळतं. चांगल्या घरातला एक तरी जातो का तिथे? एक नाव सांग. तू चौकशी खात्यातली ना? सांग, आपल्या लोकांतलं एक नाव सांग, मी आत्ता तौफिकला फोन लावतो."

खोली माझ्याकडे बघत होती. मी सगळ्यांकडे पाहिलं, एक बाजू सोडून.

तौफिक, नाव जिभेवर होतं. ते उच्चारलं असतं तर चाचांना पुन्हा कुणाच्या निकाहाबद्दल बोलता आलं नसतं, आणि तू वकील झाला असतास. मी आयुष्यभर हेच केलं आहे. कुणी विचारलं की नंबर द्यायचा. खरा, ताबडतोब.

मी म्हटलं, "ठाऊक नाही."

चाचांनी हात झटकले. "मग झालं तर."

परत येताना माहेनूर रिक्षात बाहेर तोंड करून बसली. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "फुफी, तू? तू गप्प बसलीस? बिलालच्या मम्मीसमोर तू वेटरला इंग्लिशमध्ये झापलंस, आणि इथे अब्बांच्या वेळी 'ठाऊक नाही'? यू डिडन्ट इव्हन ट्राय."

मी म्हटलं, "जेवून घे."

ती जेवली नाही. तीन दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पाहुण्यांच्या घरी असतं तसं आभार मानते. हे घरात फार वाईट वाटतं.

तर आत्ताची स्थिती अशी आहे: मीटिंग आहे, तू चालत जाऊ शकतोस. वकील चाचा. माहेनूर त्यांना 'नाही' म्हणणार असं म्हणते आणि ती माझ्या हाताखाली वाढली आहे, तेव्हा म्हणेल. निकाह कसा होणार, मला ठाऊक नाही. हा शब्द या आठवड्यात दुसऱ्यांदा लिहिते आहे.

तू या सगळ्यात ये किंवा येऊ नकोस, असं मी सांगत नाही. मागच्या पत्रापर्यंत सांगितलं असतं.

रझिया


बुधवार, २९ जानेवारी

तौफिक,

आज सकाळी रहीमचाचा एकटे आले. जिना चढून. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते कुणाच्या वरच्या मजल्यावर गेलेले नाहीत. मी पाणी दिलं, ते पुढ्यात तसंच राहिलं.

"रझिया, तू त्या ठिकाणी जातेस."

"चौकशीला गेले होते."

"काय असतं तिथे?"

"खुर्च्या असतात. लहान."

"आणि?"

"चहा असतो. बरा असतो."

"कुराणाविरुद्ध काही बोलतात का?"

"कुराणाबद्दलच बोलत नाहीत. स्वतःबद्दल बोलतात."

"मारतात? कोंडतात?"

"नाही, चाचा. दार उघडं असतं. कुणीही कधीही उठून जाऊ शकतो."

"मग जात का नाहीत?"

हाच प्रश्न मलाही पडला आहे. मी तसं सांगितलं. त्यावर त्यांनी पाण्याचा पेला थोडा बाजूला सरकवला. मग विचारलं, तौफिक बरा होईल का? मी म्हटलं, हमी देत नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. प्रत्येक वेळी नाव तुझंच घेत होते, पण प्रत्येक वेळी ते तुझ्याबद्दल होतं असं मला वाटलं नाही. हे वाक्य मी लिहायला नको होतं. शाईनं लिहिलं आहे, खाडाखोड मला आवडत नाही. तू ते वाचलं नाहीस असं धर.

त्यानंतर ते जे म्हणाले ते लिहिणार नाही. ते त्यांचं आहे, आणि पूर्ण त्यांचंही नाही. उठताना फक्त म्हणाले, "रविवारी तुला नाव विचारलं होतं मी."

"हो."

"भर खोलीत."

"हो."

"दिलं असतंस तर मी..." वाक्य अर्धंच राहिलं. मग म्हणाले, "तुझ्या बापाला वाटायचं तुझ्या पोटात काही राहत नाही."

"अब्बांना बरोबर वाटायचं. हे नवीन आहे."

ते पहिल्यांदा हसले. मी त्यांना हात धरून जिना उतरवला. खाली रिक्षात कुणी तरी त्यांची वाट बघत बसलं होतं. त्यानं मला सलाम केला, मीही केला.

माहेनूर कामावरून आल्यावर खालच्या काकूंनी तिला सांगितलं की चाचा रुमालानं डोळे पुसत गेले. तिनं मला विचारलं, रडत होते का? मी म्हटलं, वखारीतला भुसा गेला असेल. ती म्हणाली, "वखार मोमीनपुऱ्यात आहे, फुफी." मी म्हटलं, भुसा उडतो. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग जेवायला माझ्या शेजारी येऊन बसली आणि मीठ मागितलं, आभार न मानता.

आता निर्णय. वकील तू. चाचा साक्षीदारांत उभे राहतील. त्यांनी तसं मला सांगितलं आहे आणि काझीसाहेबांना स्वतः फोन करून सांगितलं आहे. कारण मला विचारू नकोस आणि त्यांना तर मुळीच विचारू नकोस.

हे वाचून तुला घाबरायला होईल, ते मला कळतं. कोपऱ्यात बसणं सोपं होतं.

रझिया


रविवार, २ फेब्रुवारी

तौफिक,

सोमवारच्या गाडीनं येतोस असं माहेनूरनं सांगितलं. स्टेशनवर मी येणार नाही, माहेनूर येईल; हे पत्र टपालानं वेळेत पोचणार नाही, म्हणून तिच्याच हाती देते. मच्छिंद्रला मी तुझं नाव सांगितलेलं नाही, त्यालाही नको होतं. साडेसातच्या आत पूल ओलांडून जा, शाळेचं मागचं फाटक उघडं असतं. मी पाहून ठेवलं आहे, पण तुझ्याबरोबर चालत येणार नाही. कितीही वाटलं तरी येणार नाही. तू परत आलास की कसं झालं हेही विचारणार नाही. त्याचा मला त्रास होईल, पण तो माझा मी बघेन.

तू आत जाऊन तिची कबुली विचारशील तेव्हा तिथे मी असेन. नाव, मेहर, सगळं नीट मोठ्यानं म्हण, तिला पहिल्यांदाच ऐकू येऊ दे. तू दुसऱ्यांदा विचारेपर्यंत ती थांबणार नाही असं मला वाटतं.

एक गोष्ट मला या महिनाभरात कुणीच सांगू शकलेलं नाही, म्हणून तुला विचारते. त्या खोलीत तुझी पाळी आली की तू तुझं नाव सांगतोस, आणि मग पुढे काय म्हणतोस? आमच्याबद्दल बोलतोस का? सांगायचं नसेल तर सांगू नकोस. मला फक्त जाणून घ्यायचं आहे. बोलणार असशील तर मी सबंध ऐकेन आणि उत्तर देणार नाही. तसं मला जमतं का हेही बघायचं आहे.

राहिलं जेवणाचं. निकाहानंतरची जेवणं साडेसातला ठरली होती, कार्डावर तसं छापलंही आहे. त्या संध्याकाळी तुझ्या मीटिंगचं काय, याचा विचार मी पंधरा दिवस करत होते. तू पंगतीतून उठून गेलास तर काय सांगायचं, याची मी तीन उत्तरं तयार केली होती, तिन्ही खरी.

त्यांची गरज पडली नाही. काल हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. रहीमचाचा स्वतः येऊन वेळ बदलून गेले. तुला ठाऊक आहे, त्यांना साखर आहे, साडेसातच्या पुढे जेवण गेलं तर घर डोक्यावर घेतात. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, मी त्यांना सांगितलं, पाहुणे चिडतील, तुमची स्वतःची तब्येत आहे. ते ऐकेनात. कारणही सांगेनात. एवढंच म्हणाले, जेवण नऊला. सगळे परत आल्यावर वाढायचं."

रझिया